कुणाकडेही जाते

३ फेब्रुवारी

मुजरा! आमच्या बटणाने आज अण्णांना मुजरा केला!

दुपारची झोप झाली होती. अण्णांनी तिला मांडीवर समोरासमोर बसवलं, आणि ही बया मान खाली घालून, दोन्ही हात बाजूला उडवून चक्क वाकली. सरळ झाली. परत वाकली. मग परत. माझे सासरे एरवी हसू आलं तरी मिशीत दाबणारे — पण आज आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, "कबूल, सरकार! मुजरा कबूल!" आणि स्वतःही वाकले. ती वाकली की हे, हे वाकले की ती.

मी सगळं फोनवर घेतलं. हसण्यामुळे चित्र हललंय, पण दिसतंय छान. मी काम करते त्या दुकानाच्या मालकीणबाईंना पाठवलं, नणंदेला पाठवलं, याच्या लिफ्टवाल्या मित्रांनाही गेलं. (नवऱ्याला मी कागदावरसुद्धा 'हा'च म्हणते. काय करणार, सवय.)

संध्याकाळी यानं बघितलं. "मधेमधे रडते का गं ती?"

"वाकावं लागलं म्हणून," अण्णा म्हणाले. "सरकार आहेत त्या. वाकायची सवय नाही."

सहा महिन्यांची झाली. नाक शर्टाच्या बटणाएवढं, म्हणून बटण. बेचाळिसाव्या वर्षी झालेली मुलगी. अजूनही सकाळी उठून आधी बघते — आहे ना पाळण्यात? आहे.

५ फेब्रुवारी

आजही मुजरा. उठल्या उठल्या. कालही झाला होता म्हणे, मी दुकानात होते.

एक लिहून ठेवते, कुणाला बोलले नाही. दिवसभर मी लोकांचे डोळेच बघते — चष्म्याच्या दुकानात दुसरं काय? आज वाकताना तिचे डोळे बघितले. ते अण्णांकडे नव्हते. वर गेले होते. पापणीखाली, जरासेच.

मला आवडलं नाही ते.

६ फेब्रुवारी

आज माझा चष्मा ओढला नाही तिनं. रोज तोंड जवळ नेलं की झडप घालते, काचांवर बोटांचे डाग. आज काचा स्वच्छ.

८ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे गेल्यावर ती एकदम शहाणी! एकदाही वाकली नाही. मीच हातवारे करून दाखवलं, तर ते हसले. "दचकतात मुलं या वयात. पोटात वारा धरतो. पहिलंच ना?"

"हो."

"आणि जरा उशिराचं. मग काळजीही जरा जास्तच."

पोटाचे थेंब दिले. येताना हा शीळ घालत होता. म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो?" काहीच सांगत नव्हता. पण त्याला इतकं हलकं वाटलं होतं की मीही हो म्हटलं. मलाही हलकं वाटायला हवं होतं.

समोरच्या काकू जिन्यात भेटल्या. बटणाला माझ्याकडून घेतलं, ती गेली. काकूंनी त्यांच्या सुनेकडे दिली, तिकडेही गेली. "किती गुणाची गं! कुणाकडेही जाते! आमचा नातू म्हणजे चिंच, झाडापासून सुटतच नाही."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

अक्षर बघ कसं आलंय.

दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन चालू होतं. त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. काच घासून होईपर्यंत मी फोन काढला आणि मुजरा लावला. आवाज नाही. अण्णांचं हसणं नाही, माझं हसणं नाही, "कबूल सरकार" नाही. नुसतं चित्र.

आवाज नव्हता, तर तो मुजरा नव्हताच.

अण्णा वाकतात म्हणून ती वाकत नाहीये. ती तिची तिची वाकतेय — वाकवल्यासारखी, कुणीतरी मागून दोरी ओढावी तशी. आणि सारख्या अंतरानं. झटका, थांबा, झटका, थांबा. लहान मूल असं एकसारखं खेळत नाही. कंटाळतं, विसरतं, मधेच पायाचा अंगठा तोंडात घालतं. आणि मधलं ते रडणं! ते ऐकू न येताही दिसत होतं. घाबरलीय ती. आम्ही तिच्या पुढ्यात बसून टाळ्या पिटत होतो.

काच जास्त घासली गेली. बाई म्हणाल्या, "काय गं, भूत बघितलंस?" मी फोन पुढे केला. त्यांनी परवा याच व्हिडिओला तीन हसरे चेहरे पाठवले होते. आता आवाज नसताना शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाल्या, "तू जा. आत्ता जा. काच मी बघते."

११ फेब्रुवारी

मुलांच्या मोठ्या रुग्णालयात आहोत. मेंदूच्या डॉक्टर बाई आहेत, माझ्याच वयाच्या असतील, केस करकचून बांधलेले. त्यांनी व्हिडिओ अर्धाच बघितला. हसल्या नाहीत. अर्ध्यावरच फोन खाली ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या.

उभ्या का राहिल्या?

"घरी नको आता. आजच दाखल करू."

डोक्याला गार चिकट लेप लावून वायरी डकवल्या. रंगीबेरंगी. त्यावर पांढरी जाळीची टोपी. ती रडली नाही. दोन तंत्रज्ञ मुली तिला या हातातून त्या हातात देत होत्या — ही आपली शांत.

त्या वायरी लावलेल्या असतानाच झोपेतून उठली आणि वाकली. ओळीनं. या वेळी कुणी हसलं नाही.

१२ फेब्रुवारी

नाव सांगितलं. इन्फन्टाइल स्पॅझम्स. लहान बाळांनाच होणारी आकडी, क्वचित होते, आणि वाईट असते. हे 'वाईट' डॉक्टर म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गंभीर." शब्द बदलला तरी अर्थ बदलत नाही.

मला वाटायचं आकडी म्हणजे तोंडाला फेस, हातपाय ताठ, माणसं धावतायत. ही अशी, मान हलवण्याएवढी? "झटका छोटा दिसतो," त्या म्हणाल्या, "आजार छोटा नाही." मग पडद्यावर त्या वायरींनी टिपलेला मेंदूच्या लहरींचा आलेख दाखवला. आधी दुसऱ्या कुठल्यातरी निरोगी बाळाचा, वहीतल्या अक्षरांसारखा, ओळ धरून चाललेला. मग आमच्या बटणाचा. कुणीतरी रागाने गिरवून ठेवल्यासारखा. इथून तिथपर्यंत. झटका नसतानाही!

"म्हणजे झटक्यांच्या मधे सुद्धा...?"

"मधेही असंच. मेंदूला उसंत नाही मिळत. म्हणून नवीन काही शिकता येत नाही. आणि शिकलेलं निसटतं."

निसटतं. हा शब्द मी दिवसभर चघळतेय.

याला समजेना. तो लिफ्टच्या वायरिंगचा माणूस, सारखा पडद्याजवळ जाऊन बघत होता. शेवटी बाहेरच्या बाकावर बसल्यावर म्हणाला, "लिफ्टमध्ये एखादं पोर शिरतं आणि सगळ्या मजल्यांची बटणं एकदम दाबतं. मग लिफ्ट प्रत्येक मजल्यावर धडपडते, दार उघडतं, मिटतं. चालू असते गं ती! पण कुणाला कुठेच नेत नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "आपल्या बटणाची सगळी बटणं दाबलीयत कुणीतरी." आणि तोंड फिरवलं.

आता कळलं मला. डॉक्टरांकडून नाही, याच्याकडून कळलं.

आणि एक विचारलं मी. माझ्या वयामुळे का? त्या म्हणाल्या, "नाही." लगेच म्हणाल्या. इतकं लगेच, की खरं असावं.

१३ फेब्रुवारी

आज डॉक्टरांनी खूप प्रश्न विचारले. मान कधी धरली, पालथी कधी पडली, अजून पडते का? (नाही. कधी थांबली? आठवेना!) हसते का? हसायची. मग त्यांनी विचारलं, "माणसं ओळखते?"

मी म्हटलं, "हो तर! अजिबात रडत नाही. कुणाकडेही जाते."

अभिमानानं म्हटलं. परीक्षेत उत्तर येत असलेला प्रश्न आल्यासारखं.

त्यांनी मान वर न करता ते लिहून घेतलं. लिहायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जास्त वेळ पेन कागदावरच राहिलं. तेवढ्यात मला समजलं मी काय बोलले ते.

ती गुणाची नाहीये. तिला मी आणि काकूंची सून सारख्याच.

जाता जाता त्यांनी अण्णांचं विचारलं — व्हिडिओत हसतायत ते आजोबा का? म्हणाल्या, "त्यांना सांगा, फार पूर्वी डॉक्टर लोकही या झटक्यांना सलामच म्हणायचे. पुस्तकात तसं नाव होतं." सांगते म्हटलं. कसं सांगू?

१४ फेब्रुवारी

घरी आलो. स्टिरॉइडच्या गोळ्या, कुटून पाण्यात कालवून सिरिंजनं तोंडाच्या कडेला. कडू जहर. थुंकते, परत द्यायची. बाहेरचं कुणी घरात घ्यायचं नाही, सर्दीवालं तर मुळीच नाही. झटके मोजायचे. मोजायचं काम यानं घेतलं. मी म्हटलं, मला आकडा सांगू नकोस. आकडीचा आकडा मला नकोच आहे.

१६ फेब्रुवारी

अण्णा तिच्या खोलीत येत नाहीत. दारापर्यंत येतात, चप्पल सरळ करतात, जातात.

आज मीच गेले त्यांच्याकडे. पुस्तकातल्या नावाचं सांगितलं. पूर्वी मोठमोठे डॉक्टरही सलामच म्हणायचे. ऐकून घेतलं. खिडकीकडे बघत म्हणाले, "ते म्हणायचे गं. घेत नव्हते. मी घेतला. पोरीला आकडी येत होती आणि मी बसून मुजरा घेत होतो."

बोलले असते तर खोटं बोलले असते.

तो शब्द आता घरात कुणी काढत नाही. परवा टीव्हीवर कुणीतरी बोललं, यानं पटकन आवाज कमी केला.

१९ फेब्रुवारी

भूक! राक्षसासारखी भूक. बाटली संपली की किंचाळते. गाल सुजून खाली आलेत, नाक त्यात बुडालं. हा म्हणाला, "बटणाचं काज झालं." मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले.

रडते तीही फार. औषधानं चिडचिड होते, सांगितलंच होतं. पण ते रडणं कुणाला उद्देशून नसतं. मी समोर असले तरी तेच, भिंत असली तरी तेच. नळ चालू राहावा तसं. मी घेतलं म्हणून थांबत नाही, मी ठेवलं म्हणून वाढत नाही.

समोरच्या काकूंनी दाराबाहेरूनच विचारलं, "कुणाची नजर लागली का गं?" काय सांगू त्यांना? माझी तक्रार उलटीच आहे. तिची नजर कुठेच लागत नाही.

२१ फेब्रुवारी

रोज सकाळी तोंड तिच्या तोंडाजवळ नेते. चष्मा पुढे करते. घे. ओढ. फोड, दुकानात ढीग पडलाय.

नाही.

२६ फेब्रुवारी

पुन्हा वायरी. झटके कमी झाले, हे आम्हाला दिसत होतंच. आलेख मात्र अजून गिरवलेलाच. थोडा कमी रागाने, पण गिरवलेला. "अर्धवट नको," डॉक्टर म्हणाल्या. "यात अर्धवट चालत नाही." दुसरं औषध सुरू करायचं.

मग म्हणाल्या, "या औषधाचा एक धोका आहे, डोळ्यांना." मी म्हटलं, "सांगा." त्या सांगू लागल्या, समोरचं नीट दिसतं, पण कडेकडेनं—

मी म्हटलं, "बाजूची नजर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते.

बाजूची नजर मला माहीत नाही? गिऱ्हाइकाला समोर बसवायचं. माझ्या नाकाकडे बघा म्हणायचं. मग दोन्ही हात लांब करून, कानामागून हळूहळू पुढे आणत बोटं हलवायची. दिसलं की हो म्हणा. काही म्हाताऱ्यांना बोटं पार पुढे येईपर्यंत दिसत नाहीत, आणि त्यांना ते माहीतही नसतं. दाराला खांदा आपटतो, तर दाराला शिव्या देतात. गेलेली बाजू काळी दिसत नाही — ती नसतेच. हे मी किती जणांना सांगितलंय, किती थंडपणे.

सगळ्यांनाच होत नाही, म्हणाल्या. जितके जास्त दिवस घेऊ तितका धोका जास्त, म्हणून काही महिनेच देऊ. अधूनमधून डोळे तपासू. पण गेली तर परत येत नाही.

आणि ती काय "हो" म्हणणार आहे, बोट दिसलं की?

२७ फेब्रुवारी

भांडलो. सकाळी, स्वयंपाकघरात, चहा उतू गेला तरी.

"द्यायचं," हा म्हणाला. "विचार काय करायचाय त्यात?"

"तुला सोपं आहे."

"मला सोपं?" त्यानं भांडं आदळलं. "समजा झालं काही डोळ्यांना. चष्मा नाही का—"

"याला चष्मा नसतो! जगातल्या कुठल्याच दुकानात नसतो!"

त्यानं ओट्यावरचा चहा फडक्याने पुसला, पिळला, परत पुसला. मग हळू आवाजात म्हणाला, "घरात दिवाच नाही लागला तर खिडक्या मोठ्या ठेवून काय करू गं मी?"

अण्णा दारात उभे होते. आम्हाला माहीत नव्हतं. "द्या," ते म्हणाले. एवढंच. किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. औषध आणायला मात्र मीच गेले.

२८ फेब्रुवारी

पुडी. पांढरी, वास नाही. पाण्यात विरघळवली, सिरिंजमध्ये ओढली. हा म्हणाला मी देतो. मी म्हटलं, नाही. उद्या ती मला विचारणार असेल तर मला विचारू दे.

गिळलं. गालावरून एक थेंब ओघळला तो बोटाने पुसला आणि परत तिच्या तोंडात घातला. काय म्हणावं मला!

३ मार्च

बाईंनी अर्ध्या दिवसासाठी बोलावलं. म्हणाल्या, "घरात बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिलीस तर तूच आजारी पडशील." गेले. एक म्हातारे ड्रायव्हर आले होते, जवळचं वाचता येत नाही म्हणून. मी नंबर काढला आणि मग हात लांब केले — माझ्या नाकाकडे बघा. हो. हो. हो. परत केलं. हो. हो. वरून, खालून, तिरकं. किती छान दिसत होतं त्यांना! सगळीकडून!

"ताई," ते म्हणाले, "मला पेपर वाचायचाय. माश्या नाही मारायच्या."

बाई खो खो हसल्या. मीही. मग मागच्या खोलीत जाऊन मशीन लावलं, आवाजासाठी.

५ मार्च

सकाळी उठली. वाकली नाही.

हा पाळण्याजवळ उभा होता, मी दारात. त्यानं माझ्याकडे बघून एक भुवई वर केली. मी मान हलवली — बोलू नकोस. बोललो तर मोडेल असं वाटलं.

६ मार्च

आजही नाही.

८ मार्च

दुपारी बाटली पिता पिता मान खाली गेली. मी किंचाळले! अण्णांचा चहा अंगावर सांडला, हा मोजायचा कागद शोधत धावत आला, पायात स्टूल. आणि सरकार — झोपल्या होत्या. पेंगत होत्या, बाकी काही नाही.

अण्णा ओल्या सदऱ्यावर हात ठेवून हसले. आधी ते, मग हा, मग मी. हसता हसता तिघेही एकदम थांबलो. मागच्या वेळीही असंच तर हसलो होतो.

ती आता जन्मभर पेंगेल, शिंकेल, मान खाली घालून पुस्तक वाचेल. मी दर वेळी किंचाळणार का?

११ मार्च

मेंदूच्या फोटोत काही सापडलं नाही. त्वचेवर दिवा मारून आजाराचं कारण सांगणारे पांढुरके डाग शोधले होते, तेही नाहीत. रक्ताचा अहवाल यायचाय, त्याला वेळ लागतो. "कारण न सापडणं हे बहुतेक वेळा बरं असतं," डॉक्टर म्हणाल्या.

बहुतेक वेळा. त्यांच्या वाक्यांत हे शब्द असतातच. पायरीवर ठेवलेल्या विटेसारखे. घाईनं पुढे गेलं की ठेच.

१३ मार्च

अण्णा आज खोलीत आले. समोर नाही बसले. पाळण्याच्या बाजूला स्टूल घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसले आणि पेपर वाचून दाखवू लागले. हवामान, रस्त्याची कामं, कुठलंसं पाणी बंद.

"समोर बसा की, अण्णा."

"नको. इथून ऐकू जातं तिला."

स्टिरॉइड कमी करत आणलंय, किंचाळणं ओसरलं. आता परत ती शांत. काकू म्हणतील, गुणाची! मला त्या शांततेची जितकी भीती वाटते तितकी किंचाळण्याची वाटली नव्हती.

१७ मार्च

आलेख सुधारला! गिरवलेलं गेलंय. ओळ अजून वेडीवाकडी, पण ओळ आहे. यानं डॉक्टरांच्या टेबलावरच हात जोडून डोकं टेकवलं. त्या अवघडल्या.

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. हे परत येऊ शकतं. मोठी होताना दुसरं रूप घेऊन येऊ शकतं. जे निसटलं ते किती परत येईल, येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. औषध चालू राहील. डोळे तपासत राहू.

हा बाहेर गेल्यावर मी विचारलं, "ती मला ओळखेल का?"

त्यांनी आलेख गुंडाळला. "ते यात दिसत नाही," म्हणाल्या.

१८ मार्च

भीती आता वेगळीच. झटक्याची भीती निदान झटक्यापुरती होती. आता असं वाटतं — झटके गेले आणि ती तशीच राहिली तर? मोठी होईल, उंच होईल, कुणीही हात धरला की चालू लागेल. कुणाकडेही जाईल. रस्त्यात माझा हात सुटला तर दुसऱ्या कुणाचा धरेल आणि मागे वळून बघणार नाही.

लिहायला नको होतं हे. फाडणार नाही, पण लिहायला नको होतं.

२१ मार्च

चष्मा. नाही.

२४ मार्च

आज वाटलं माझ्याकडे बघितलं. खिडकी होती मागे, उजेडाकडे बघत असेल. मी डोळ्यांचंच काम करते, मला फसता येत नाही. फसता आलं असतं तर बरं झालं असतं.

२७ मार्च

डोळे तपासायचा दिवस. याला सुट्टी मिळाली नाही, मी एकटीच गेले. दारात तीच जाडी नर्स — पहिल्या मुक्कामात बटणाला खांद्यावर टाकून आख्खा वॉर्ड फिरवायची ती. "आली का माझी गुणी बाय! दे इकडे, ही तर कुणाकडेही जाते." घेतली. मी पिशवीतून फाईल काढायला बाजूला वळले.

रडणं ऐकू आलं.

मी वर बघितलं. बटणाचा खालचा ओठ पुढे आला होता, नर्सच्या छातीवर तिनं दोन्ही हात रोवले होते, अंग मागे टाकलं होतं आणि मान वळवून ती बघत होती — माझ्याकडे. माझ्याकडे बघून रडत होती. मला सांगत होती!

"अगं बाई," नर्स म्हणाली. "आता मी नको का तुला?"

मी समोर नव्हते. बाजूला होते.

लगेच घेतलं नाही तिला. एक क्षण रडू दिलं.